कणसाची मूठ

पिंपळवाडी, ता. नगर
दि. २६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. राजेश्वरी हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पोळ्याला तुम्ही मायलेक आलात आणि गेलात, घर पुन्हा चिडीचूप झालं. फोन करून काही उपयोग नाही. मी विचारते पोहोचलीस कधी, आणि तू पलीकडून नुसतं हो हो म्हणतेस. कानातलं यंत्र कपाटात ठेवायला घेतलंय का गं? मी टाइप करायला जावं तर बोट एका अक्षरावर ठेवलं की तीन उमटतात. त्यापेक्षा आपली टपालपेटी बरी. पोस्टमन म्हणतो, वाडीत बँकेच्या नोटिसा सोडल्या तर हाताने लिहिलेलं पत्र फक्त शाळेतल्या बाईंचंच असतं.

ओंकारने मात्र कमाल केली. बैल करायला आणलेल्या मातीतला गोळा माझ्या मुठीत दिला आणि म्हणाला, मावशी, दाब. माझ्या वाकड्या बोटांचे ठसे उमटले तर ते डब्यात घालून असे जपून नेले, जसे काही देव्हाऱ्यातले देव. वर माझं कणीसही घेऊन गेला. त्याला गंमत वाटते, पण त्या कणसाने माझी अब्रू राखलीय. संधिवाताने बोटं आखडली तेव्हा शाळेतल्या शेवटच्या वर्षी दाणे काढलेलं मक्याचं वाळलं कणीस उभं चिरून त्यात पेन बसवलं होतं, हजेरी लिहायला. पुढे इन्शुलिन मागे लागलं तेव्हा तीच युक्ती सिरिंजला केली. डाव्या मुठीत कणीस धरायचं, उजव्या तळव्याने दट्ट्या दाबायचा. बारीक सिरिंज नुसती धरायची म्हटली तर माझ्या बोटांत ती राहतच नाही.

ओंकारच्या कॉलेजच्या कामासाठी केलेलं ते शूटिंग आठवून मला अजून हसू येतं. त्याच्या फोनची बॅटरी उतरली म्हणून तुझ्या फोनवर केलं. आधी कणसाशिवाय घेऊन दाखव म्हणाला, लोकांना अडचण दिसली पाहिजे. मी पाणी भरलेली सिरिंज घेतली आणि गॅदरिंगमधल्या पोरांनाही जमणार नाही असा अभिनय केला. सिरिंज पडली, सुई बोटात गेली, आई गं म्हणून ओरडले. ते ओरडणं तेवढं खरं होतं. मग कणसाने घेतलं ते एका दमात, आणि वर कॅमेऱ्याकडे बघून वाकुल्या दाखवल्या. तू शेजारी मुगाच्या शेंगा सोलत होतीस, इतकी हसलीस की टोपली कलंडली. कॉलेजातल्या सरांखेरीज हे कुणाला दाखवू नकोस, असं मी त्याला बजावलंय. शाळेत पोरं माझ्या मागे माझ्या हाताची नक्कल करायची, ती मी विसरलेली नाही.

ओंकारला सांग, कणीस लवकर परत कर. तुला ठाऊकच आहे, हे वारल्यावर माझा कानिफ मला चाकणला न्यायला आला तेव्हा मी त्याला शब्द दिला होता, की ज्या दिवशी माझं इंजेक्शन माझ्या हाताने घेता येणार नाही, त्या दिवशी मी मुकाट्याने त्याच्याकडे राहायला येईन. शब्द देताना मला माझ्या हातांवर भरवसा होता. अजून आहे. मला हे घर, हा ओटा आणि ही चांदी गाय सोडून कुठल्या फ्लॅटमध्ये बसायचं नाही.

दिवाळीआधी नगरला एक चक्कर मारते. तारकपूरच्या स्टँडवर उतरून तुझ्याकडे येईपर्यंत नेहमीसारखं चहाचं आधण ठेवून बस. लोभ आहेच, त्याला शिळा होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


सावेडी, नगर
दि. १० सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
राजीचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र ओंकारने मोठ्याने वाचून दाखवलं, मी ऐकलं असं दाखवलं, आणि तो गेल्यावर पुन्हा स्वतः वाचलं. यंत्र कपाटात नाही, उशाशी असतं. कानात घातलं की शेजारच्यांचा मिक्सर स्वयंपाकघरात आल्यासारखा वाटतो.

गणपती छान झाले. विसर्जनाआधी कानिफ आणि मोनिका येऊन गेले. कानिफ वाळलाय. तुझी फार चौकशी करत होता. आई खाते काय, सुई घेते कशी, कुणी बघायला आहे का. मी काय सांगणार? मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं मी ऐकत नाही, असं तूच म्हणतेस.

ओंकार कॉलेजच्या लॅबमधून घरी येतो तो झोपायला. तुझ्या मातीच्या ठशावरून त्याने सिरिंजवर चढवायची एक मूठ केली आहे. दोन बाजूंना रुंद पंख, म्हणजे बोटं न वाकवता तळहातात बसते. दट्ट्यावर मोठी टोपी, हाताच्या कोणत्याही भागाने दाबता यावी म्हणून. सुईचं टोपण मुठीतल्याच एका खाचेत अडकवून काढायचं आणि तिथेच परत घालायचं, म्हणजे दुसऱ्या हाताचं बोट सुईच्या जवळही जात नाही. एमआयडीसीतल्या साचेवाल्याकडे तो रोज खेटे घालतो. पहिली मूठ फार गुळगुळीत झाली म्हणून त्याने टाकून दिली. तुझं कणीस समोर ठेवून बसतो आणि म्हणतो, या खडबडीतपणातच सगळं आहे. म्हणून ते तुला अजून परत मिळालं नाही, रागावू नकोस.

ताई, एक विचारू? तुला मूठ मिळाली, सुई नीट घेता आली, तरी सकाळी घरात तू एकटीच ना? साखर उतरली तर? मला आईची आठवण येते. तुला हा विषय आवडत नाही, म्हणून इथेच थांबते.

तुझ्या शेजारच्या झुंबरबाईला माझा नमस्कार सांग. तुझ्या मायेची सावली माझ्यावर अशीच राहो.

तुझी
राजी


पिंपळवाडी
दि. २४ ऑक्टोबर २०२५

चि. ओंकार यास,
मावशीचे आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले ते सवयीने. आज तुझ्याशी गोड बोलायची माझी तयारी नाही.

काल भाऊबीजेला कानिफ, मोनिका आणि मोनिकाच्या माहेरची माणसं आली होती. जेवणं झाली आणि कानिफने सगळ्यांदेखत फोन माझ्यासमोर धरला. त्यात मी होते. माझं तोंड, माझी बोटं, पडलेली सिरिंज आणि माझं आई गं. तिथेच ते संपलं. मोनिकाच्या आईने डोळ्याला पदर लावला. मी सांगितलं की हे ओंकारने मुद्दाम करायला लावलं, सिरिंजमध्ये पाणी होतं, खरं इंजेक्शन मी कणसाने घेते. कानिफ म्हणाला, आई, आता तू असंच सांगणार.

मी म्हटलं, थांब, घेऊनच दाखवते. आणि तिथे घात झाला. जुनं कणीस तू नेलंस ते दिलंच नाहीस. नवं मी चिरलं तेव्हा ते पुरतं वाळलेलं नव्हतं. नंतर आकसलं आणि सैल झालं. एकटी असताना मी चिंधी गुंडाळून भागवत होते. पण काल एवढे डोळे माझ्या हातावर होते, हात थरथरला आणि सिरिंज निसटून मोनिकाच्या आईच्या पायाशी पडली. कानिफने ती उचलली आणि मला माझ्या शब्दाची आठवण करून दिली.

व्हिडिओ कुणी पाठवला असं विचारलं तर म्हणाला, ज्याने पाठवला त्याला तुझी काळजी आहे, नाव कशाला हवं? मला नाव विचारायची गरजही नव्हती. सरांखेरीज कुणाला दाखवू नकोस, एवढं एकच मी तुझ्याकडे मागितलं होतं. तुझ्या कामासाठी मी माझा हात तुझ्या हातात दिला. लोकांपासून पदराखाली लपवते तो हात मी तुला उजेडात धरून दिला, हवी तेवढी मापं घेऊ दिली. त्याचं तू हे केलंस. चोराने केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

उद्या मी चाकणला जाते आहे. चांदी झुंबरबाईच्या गोठ्यात गेली. झुंबरबाई रडत म्हणाली, बाई, तुमी नका जाऊ, सुई म्या टोचते की, त्यात काय एवढं. तिला काय सांगणार? मी आयुष्यभर पोरांना शब्द पाळायला शिकवलं, आता माझाच मोडू?

तुझी ती मूठ झाली असेल तर मला पाठवू नकोस. माझं त्यात मन राहिलेलं नाही.

मावशी


सावेडी, नगर
दि. १ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस,
ओंकारचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र वाचून मी सुन्न झालो. कणीस वेळेवर परत दिलं नाही, हा माझा अपराध आहे आणि तो साधा नाही. त्यासाठी तू मला काय बोलशील ते कमीच.

पण मावशी, मी कानिफदादाला काहीही पाठवलेलं नाही. सरांना दाखवलं तेही मनगटाच्या खालचं, आवाज काढून. तुझा चेहरा मी माझ्या मित्रांनाही दाखवला नाही. यापुढे मला काही विचारू नकोस. मला उत्तर देता येणार नाही.

तू नको म्हणालीस तरी मूठ पाठवतो आहे, सोबत तुझं कणीसही. मूठ तुझ्याच हाताच्या ठशावरची आहे, दुसऱ्या कुणाला ती इतकी बसणार नाही. उघडायची नसेल तर तशीच ठेव. माझ्यावरची माया आटली असेल तर थोडी वाट बघायची माझी तयारी आहे.

तुझा
ओंकार


चाकण
दि. ९ नोव्हेंबर २०२५

सौ. राजेश्वरी हिस,
आशीर्वाद.

ओंकारचं पत्र आलं. पार्सल मी उघडलं नाही, कपाटावर ठेवलंय.

इथे सगळं ठीक आहे. मोनिका सकाळी ऑफिसला जायच्या आधी मला इंजेक्शन देते. हात हलका आहे तिचा, तक्रारीला जागा नाही. ती आठला निघते म्हणून माझी सकाळ तिच्या सकाळीत बसवायची. भूक असो नसो, खायचं. खिडकीतून कंपनीचं पार्किंग दिसतं. पोरं बोलतात चांगलं, पण मी आंघोळीला जाते म्हटलं तरी कुणीतरी दाराबाहेर उभं राहतं.

रिकामा वेळ भरपूर आहे, त्यामुळे विचार करायला मिळाला. पत्रात ओंकारने कुणाचं नाव घेतलं नाही. पोरगा कुणाला तरी पाठीशी घालतोय, हे मी ताडलं. इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, खोडी कुणी काढली आणि गप्प कोण बसलंय, हे मला तोंडं बघूनच कळतं. मग पोळ्याचा दिवस आठवला. शूटिंग तुझ्या फोनवर झालं होतं.

आणखी एक आठवलं. तुकडे दोन होते. एकात माझ्या हातातून सिरिंज पडते. दुसऱ्यात मी कणसाने नीट इंजेक्शन घेते, वाकुल्या दाखवते आणि मागून तुझं हसणं ऐकू येतं. कानिफकडे फक्त पहिला पोहोचला. त्याला मी काल विचारलं, दुसरा तू पाहिलास का? तो म्हणाला, दुसरा कुठला?

ओंकारला मी चोर ठरवलं, त्याची माफी वेगळी मागेन. तुला एवढंच विचारते. तू पाठवलंस का? आणि पाठवलंस तर एकच का?

कळावे.

सुकन्या


सावेडी, नगर
दि. १८ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

हो. मीच पाठवलं. माझं नाव सांगू नकोस, असंही कानिफला मीच सांगितलं.

तू मला काय म्हणशील ते या पत्राआधी मी स्वतःला म्हणून झाले आहे. पण माझंही ऐक. आईचं दार आतून बंद होतं तेव्हा तू शाळेत होतीस. थापा मारणारी मी होते. दार फोडल्यावर ती चुलीपाशी पडलेली मी पाहिली, सिरिंज तिच्या हातात तशीच होती. सुई तिने अगदी नीट घेतली होती ताई. चूक हाताची नव्हती. सुई घेतली आणि खायला विसरली, आणि उठवायला घरात कुणी नव्हतं. तू मला कणसाचं कौतुक सांगत होतीस आणि माझ्या डोळ्यांसमोर तेच दार येत होतं.

तेव्हा निदान मला ऐकू तरी येत होतं. आता तू हाक मारलीस तरी मला ऐकू येणार नाही, फोन केलास तरी येणार नाही. नगरपासून तुझी वाडी जवळ आहे, पण माझ्यासारखीला ती लांबच. रात्री अंथरुणावर पडले की मला तुझ्या घराची कडी आठवते.

कानिफ गणपतीत आला होता तेव्हा म्हणाला, मावशी, आईला तूच समजाव. तुला समजावणं म्हणजे काय, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तू शब्दाला जागतेस, एवढी एकच गोष्ट तुला त्या घरातून हलवू शकत होती. म्हणून एकच तुकडा पाठवला. दोन्ही पाठवले असते तर तू तिथेच राहिली असतीस. ओंकारला हे नंतर कळलं, त्या दिवसापासून तो माझ्याशी धड बोलत नाही.

तुला तुझं घर हवं होतं, मला तू हवी होतीस. आता तू सुखरूप आहेस, सकाळी तुझ्याजवळ कुणीतरी आहे, एवढ्यावर मला झोप लागते. मला माफ करू नकोस हवं तर, पण पत्र बंद करू नकोस. मला दुसरं काही ऐकू येत नाही.

तुझीच
राजी


चाकण
दि. २७ नोव्हेंबर २०२५

राजेश्वरीस,

तुझं पत्र बरेच दिवस उशीखाली होतं. तू लिहिलेली आई खरी आहे. त्या दिवशी दारापाशी तू एकटी होतीस याचं मला आजही वाईट वाटतं, आणि त्या दिवसाचं ओझं तू एकटीने वाहिलंस हेही मला मान्य आहे. भीतीचा मला राग नाही.

गेल्या रविवारी पार्सल उघडलं. मूठ पिवळ्या रंगाची आहे, आणि तिच्यावर कणसासारखे खवले आहेत. पोराने एकेक दाण्याची जागा ठेवली आहे. सिरिंज आत सरकवली, आकडे स्पष्ट दिसले, टोपण खाचेत अडकवून ओढलं. मग कानिफला आणि मोनिकाला समोर बसवलं आणि इंजेक्शन घेतलं. हात थरथरला, तो थरथरणारच, पण सिरिंज हलली नाही. दुसऱ्या दिवशी घेतलं, तिसऱ्या दिवशी घेतलं. सुईनंतर खायचं विसरू नये म्हणून भाकरीचं ताट आधी वाढून घेते आणि मग सिरिंजला हात लावते. हे मी वाडीतही रोज करत होते. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

मग कानिफने दुसरा तुकडा मागवून घेतला, ओंकारकडून. बघताना त्याला रडू आलं. म्हणाला, आई, मला दोन्ही दिसले असते तर मी तुला आणलंच नसतं. बघ, तुझा हिशेब बरोबर होता.

झुंबरबाईशी फोनवर ठरलंय. सकाळी चांदीच्या धारेला आली की ती आधी माझ्या ओट्यावर येणार, कडी वाजवणार, आणि मी उघडली नाही तर दार मोडणार. तिला किल्ली देते म्हटलं तर म्हणाली, किल्ली नको, कुऱ्हाड हाय. एवढी साधी व्यवस्था आपण दोघींनी बसून केली असती. तू यायचं होतंस, माझ्याशी भांडायचं होतंस. आईचं नाव काढून रडायचं होतंस. मी हरले असते तर तुझ्यापुढे हरले असते. तू मला परक्या माणसांपुढे हरवलंस.

या हाताला काय जमतं आणि काय नाही, ते कानिफला माहीत नव्हतं, मोनिकाला नव्हतं, सगळ्या गावाला नव्हतं. तुला माहीत होतं. तुझी वेणी मी याच हाताने घातली आहे, आणि तो आखडायला लागला तेव्हा पहिल्यांदा तुलाच दाखवला. तू शेजारी बसून दोन्ही पाहिलंस, त्याचं पडणं आणि त्याचं जमणं. आणि त्यातलं पडणं उचलून पाठवलंस. हे मला गिळता येत नाही, राजी. प्रयत्न करते आहे.

सोमवारी मी परत जाते आहे. कानिफ गाडीने सोडतो म्हणाला, मी नको म्हटलं. एसटीने जाईन. नगरला माळीवाडा स्टँडवर गाडी बदलेन आणि थेट वाडीला जाईन, तारकपूरपर्यंत येणार नाही.

पत्र लिहीत जा, मी वाचेन. उत्तराचं आत्ता काही सांगता येत नाही.

सोमवारी चहाचं आधण ठेवू नकोस.

सुकन्या